हरवलेले वैमानिक आणि आजोबांचं विमान

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमची धाकटी सातवीत आहे. तिच्या शाळेत 'इतिहासातलं न सुटलेलं कोडं' या विषयावर प्रोजेक्ट करायचा होता आणि तिने त्यासाठी अमेलिया एअरहार्टची निवड केली. त्यात नवल काही नव्हतं. इथल्या शाळांच्या लायब्ररीत अमेलियावरची पुस्तकं हमखास असतात. शिवाय काही वर्षांपूर्वी आम्ही वॉशिंग्टनला गेलो होतो, तेव्हा स्मिथसोनियनच्या विमान-संग्रहालयात तिचं लालभडक लॉकहीड व्हेगा विमान पाहून ही पोरगी तिथून हलायलाच तयार नव्हती.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे मुंबईला फोन लावला. नातीने मोठ्या उत्साहाने आजोबांना प्रोजेक्टबद्दल सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे गं. पण आपल्या तळपद्यांचं कोडं का नाही घेत? राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी आपल्या गिरगाव चौपाटीवर एका मराठी माणसाने विमान उडवलं होतं. तुझ्या बाईंना सांग ते!"

"आजोबा, फोटो आहे का त्याचा?"

"फोटो कुठला असायला? १८९५ सालची गोष्ट ती."

"पण १८९५ मध्ये कॅमेरे होते ना?"

फोनवर दोन-तीन सेकंद शांतता. मग बाबा म्हणाले, "तुझ्या बाबाला दे जरा फोन."

झालं! पुढची दहा मिनिटं मी ऐकून घेत होतो. मुलांना तिकडे नेऊन तुम्ही हेच शिकवता का, आपल्या माणसांचं काही सांगितलं की आधी पुरावा मागायचा, साहेबाचं मात्र डोळे झाकून खरं मानायचं, वगैरे वगैरे. मंडळी, तळपद्यांची गोष्ट मला बाबांनीच सांगितली होती, चौपाटीच्या वाळूत बसून, भेळ खाता खाता. तेव्हा मी आठ वर्षांचा असेन. मी पुढे इंजिनियर झालो त्याला त्या संध्याकाळचाही थोडा हातभार आहे. त्यामुळे एकीकडे बाप आणि दुसरीकडे मुलगी, अशी माझी पंचाईत झाली. दोघांनाही उत्तर द्यायचं तर आधी आपला अभ्यास हवा, म्हणून त्या हिवाळ्यात हरवलेल्या वैमानिकांवर मिळेल ते वाचून काढलं. त्यातलं जे मनाला भिडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

बटाट्याचं पोतं ते पृथ्वीप्रदक्षिणा

अमेलियाचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तपशील मात्र फारसे ठाऊक नसतात. तिचा जन्म १८९७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅचिसन गावी झाला. १९२८ मध्ये विमानाने अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला, पण त्या खेपेला विमान चालवलं ते दुसऱ्यांनी. आपण नुसतं बटाट्याचं पोतं होतो, असं ती स्वतःच म्हणायची. ही बोच तिने मे १९३२ मध्ये भरून काढली. न्यूफाउंडलंडहून एकटी निघाली आणि सुमारे १५ तासांनी उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. आमच्या धाकटीने पाहिलेलं लाल विमान ते हेच.

१९३७ मध्ये तिने विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीप्रदक्षिणा करायचं ठरवलं. विमान दोन इंजिनांचं लॉकहीड इलेक्ट्रा, सोबतीला फ्रेड नूनन हा कसलेला दिशादर्शक. मार्चमधला पहिला प्रयत्न होनोलुलूच्या धावपट्टीवरच विमान घसरल्यामुळे फसला. दुरुस्तीनंतर दिशा बदलून, १ जूनला मायामीहून दोघं पूर्वेकडे निघाले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मग तांबड्या समुद्राच्या काठावरून थेट कराची, तिथून कलकत्ता. ऐन जूनचा पावसाळा तो. आपल्याला काही सांगायला नको! डमडमच्या धावपट्टीवर चिखल झालेला, आणि पुढे ब्रह्मदेशाच्या वाटेवर पावसाच्या माऱ्याने पंखांवरचा रंग जागोजाग उडाला. रंगून, बँकॉक, सिंगापूर, जावा, डार्विन करत २९ जूनला ते न्यू गिनीतल्या लाए गावी पोचले. २२,००० मैल संपले होते, ७,००० उरले होते.

आता पुढचा टप्पा होता लाए ते हाउलंड बेट, २,५५६ मैलांचा. म्हणजे साधारण मुंबईहून दुबईला जाऊन परत यायचं, तेही खाली सगळा समुद्रच. आणि शेवटी शोधायचं काय, तर दीड मैल लांब, अर्धा मैल रुंद आणि पाण्याच्या वर जेमतेम वीस फूट आलेलं एक बेट. त्यातून त्या काळच्या नकाशांत ते बेट पाच-सहा मैल चुकीच्या जागी दाखवलेलं होतं. बेटाजवळ अमेरिकन तटरक्षक दलाचं 'इटास्का' हे जहाज रेडिओवरून वाट दाखवण्यासाठी उभं होतं.

२ जुलै १९३७ रोजी सकाळी दहा वाजता इलेक्ट्राने लाए सोडलं. टाकीत सुमारे १,१०० गॅलन पेट्रोल होतं. रात्रभर उडून पहाटे ते हाउलंडच्या परिसरात पोचले. (मध्ये तारीख-रेषा लागते, त्यामुळे तिथे तारीख पुन्हा २ जुलैच होती.) सकाळी पावणेआठच्या सुमारास इटास्कावर तिचा आवाज इतका मोठा आणि स्पष्ट आला की रेडिओ-खोलीतली माणसं विमान दिसेल म्हणून बाहेर आकाशात बघू लागली. आम्ही तुमच्या अगदी जवळ असायला हवं पण तुम्ही दिसत नाही, पेट्रोल कमी होत चाललंय, अशा अर्थाचा तिचा निरोप होता. तासाभराने, पावणेनऊच्या आसपास, शेवटचा निरोप आला: आम्ही १५७-३३७ या रेषेवर आहोत, उत्तर-दक्षिण उडत आहोत. त्यानंतर काही नाही.

ट्रान्झिस्टर फिरवायची गोष्ट

मी पडलो रेडिओ आणि अँटेनावाला. त्यामुळे या गोष्टीत मला सगळ्यात जास्त छळलं ते एका प्रश्नाने: आवाज एवढा स्पष्ट येत होता, तर दिशा का सापडली नाही?

आठवतं का, आपल्याकडे घरी ट्रान्झिस्टर असायचा आणि विविधभारती नीट लागावी म्हणून तो फिरवून फिरवून ठेवावा लागायचा? एका बाजूला तोंड केलं की आवाज मोठा, दुसऱ्या बाजूला केलं की जवळजवळ बंद. विमानावरचा दिशाशोधक याच तत्त्वावर चालायचा. वर एक वेटोळ्यासारखी अँटेना असायची. ती फिरवायची आणि आवाज जिथे सगळ्यात कमी होईल त्यावरून स्टेशनची दिशा ओळखायची. पण ही युक्ती कमी फ्रिक्वेन्सीवर चांगली चालते. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी वरच्या वातावरणातल्या थरावर आपटून अनेक वाटांनी खाली येतात, मग दिशेचा सगळा गोंधळ होतो. अमेलियाने इटास्काला ७,५०० किलोसायकलवर संकेत पाठवायला सांगितलं. तो तिला ऐकू आला, तसं तिने कळवलंही, पण आवाज कमी होण्याची जागाच सापडेना. काही अभ्यासकांचा कयास असा की तिच्या मनात ७५० मीटर तरंगलांबी होती आणि मीटर व किलोसायकल यांची गल्लत झाली. ७५० मीटर म्हणजे ४०० किलोसायकल, ज्यावर तिचं यंत्र व्यवस्थित चाललं असतं.

बाकीच्या चुका बघा. लांबलचक मागे सोडायची अँटेना वजन वाचवायला मायामीत काढून ठेवलेली. दोघांचंही मोर्सचं ज्ञान बेताचं. लाएमध्ये दिशाशोधकाची चाचणी घेतली ती फसली, पण विमानतळ फार जवळ असल्यामुळे तसं झालं असेल, असं समजून विषय सोडून दिला. इटास्काचा स्वतःचा दिशाशोधक तिच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारा नव्हता. हाउलंडवर एक वेगळा ठेवला होता, पण रात्रभर चालू ठेवल्याने त्याच्या बॅटऱ्या सकाळपर्यंत उतरल्या. शिवाय अमेलिया ग्रीनिच वेळ पाळत होती आणि जहाज त्याच्या साडेअकरा तास मागे.

यातली प्रत्येक चूक एकटी असती तर निभावून गेली असती. मला हसू येत नाही, कारण मी स्वतः हेच केलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका चाचणीत आमची एक तुकडी स्थानिक वेळ धरून बसली होती आणि दुसरी ग्रीनिच. वेळापत्रक मीच बनवलं होतं. अख्खा दिवस दोन्हीकडची माणसं रिकाम्या हवेशी बोलत राहिली. संध्याकाळी सगळे हसले, मी पिझ्झा खाऊ घातला आणि प्रकरण मिटलं. अमेलियाच्या वेळापत्रकाखाली पॅसिफिक महासागर होता.

तीन तर्क आणि एक दगड

शोध ताबडतोब सुरू झाला. इटास्का, 'कोलोरॅडो' ही युद्धनौका, 'लेक्झिंग्टन' ही विमानवाहू नौका. सुमारे अडीच लाख चौरस मैल समुद्र धुंडाळला गेला आणि १९ जुलैला शोध थांबवण्यात आला. जानेवारी १९३९ मध्ये कोर्टाने अमेलियाला मृत घोषित केलं. पण लोकांच्या मनातला शोध आजही चालू आहे.

पहिला तर्क सगळ्यात साधा: पेट्रोल संपलं आणि विमान हाउलंडजवळ समुद्रात बुडालं. तिथे पाणी इतकं खोल आहे की पाणबुडी यंत्रांनी शोध घेणंही महाकठीण. जानेवारी २०२४ मध्ये एका कंपनीने समुद्रतळाचं सोनार चित्र प्रसिद्ध केलं, त्यात विमानासारखा आकार होता. जगभर बातम्या झाल्या. वर्ष संपायच्या आत जवळ जाऊन पाहिलं, तर तो निघाला दगड!

दुसरा तर्क निकुमारोरो बेटाचा. शेवटच्या निरोपातली १५७-३३७ ही रेषा नूननने उगवत्या सूर्यावरून काढलेली असावी. त्या रेषेवरून दक्षिणेकडे गेलं तर सुमारे ४०० मैलांवर हे बेट लागतं. तेव्हा त्याचं नाव गार्डनर होतं, आज ते किरिबाती देशात आहे. आठवड्याभराने नौदलाची विमानं त्यावरून उडाली तेव्हा वैमानिकांना अलीकडच्या वस्तीच्या खुणा दिसल्या, माणूस दिसला नाही. १९४० मध्ये तिथे काही हाडं सापडली. फिजीतल्या डॉक्टरांनी ती पुरुषाची ठरवली आणि पुढे ती हाडंच गहाळ झाली! त्यांच्या नोंदवलेल्या मापांचा २०१८ मध्ये नव्याने अभ्यास झाला आणि ती अमेलियाशी जुळतात असा निष्कर्ष एका शास्त्रज्ञाने काढला. पण याच बेटावर १९२९ मध्ये 'नॉर्विच सिटी' हे जहाज फुटलं होतं आणि त्यात अकरा माणसं गेली होती, हेही विसरून चालत नाही. २०१९ मध्ये टायटॅनिक शोधणारे रॉबर्ट बॅलार्ड स्वतः तिथे गेले. विमान सापडलं नाही.

तिसरा तर्क, जपान्यांनी दोघांना पकडलं. २०१७ मध्ये टीव्हीवर एक फोटो दाखवला गेला, धक्क्यावर पाठमोरी बसलेली अमेलिया म्हणून. काही दिवसांतच एका जपानी अभ्यासकाने तोच फोटो १९३५ मध्ये छापलेल्या पुस्तकात दाखवून दिला. म्हणजे ती हरवायच्या दोन वर्षं आधीचा! झालं, तर्क आडवा.

धाकटी हे सगळं वाचून वैतागली. "बाबा, मग खरं काय ते कधीच कळणार नाही का?" मी म्हटलं, कळू शकतं. कसं कळतं ते बघायचं असेल तर बाकीच्या हरवलेल्यांकडे बघ.

एक नंबर, एक चाक, एक ब्रेसलेट

सिडनीचा विमानतळ ज्याच्या नावाने ओळखला जातो तो चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ. १९२८ मध्ये अमेरिकेहून ऑस्ट्रेलियापर्यंत पॅसिफिक ओलांडणारं पहिलं विमान त्याचं. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये तो आणि टॉमी पेथिब्रिज 'लेडी सदर्न क्रॉस' विमानाने आपल्या अलाहाबादहून सिंगापूरला निघाले आणि ८ तारखेच्या पहाटे अंदमानच्या समुद्रावर कुठेतरी नाहीसे झाले. दीड वर्षाने ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर विमानाचं एक चाक त्याच्या पायासकट वाहून आलं. ते त्याच विमानाचं आहे हे ओळखता आलं. बाकीचं विमान आजही सापडलेलं नाही. पण निदान ते कुठल्या समुद्रात आहे हे त्या चाकाने सांगितलं.

फ्रान्सचे नंगेसेर आणि कोली ८ मे १९२७ रोजी पॅरिसहून न्यूयॉर्कला निघाले. विमानाचं नाव 'पांढरा पक्षी'. वजन कमी करायला त्यांनी उडताच चाकं टाकून दिली. उतरायचं होतं ते न्यूयॉर्कच्या बंदरातल्या पाण्यावर. फ्रान्सचा किनारा सोडून ते समुद्रावर गेले, आणि पुढे काय झालं ते ठाऊक नाही. बारा दिवसांनी लिंडबर्ग उलट दिशेने निघाला, साडेतेहेतीस तासांत पॅरिसला पोचला आणि इतिहासात गेला. नंगेसेर-कोलींची ती टाकून दिलेली चाकं मात्र पॅरिसच्या संग्रहालयात आहेत.

एमी जॉन्सन ही इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडून जाणारी पहिली स्त्री, १९३० मधली. वाटेत पेट्रोल संपत आल्यामुळे तिला झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावं लागलं होतं. ५ जानेवारी १९४१ ला, ऐन युद्धात, ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डकडे विमान पोचवायला निघालेली एमी वाट चुकून थेम्सच्या मुखाशी पडली. तिला वाचवायला थंडगार पाण्यात उडी मारणारा वॉल्टर फ्लेचर हा नौदल अधिकारी स्वतः मेला. एमीचा देह मिळालाच नाही. ती वाट का चुकली, पाण्यात तिचं नेमकं काय झालं, यावर अजून वाद आहेत.

आणि 'द लिटल प्रिन्स' लिहिणारा सँतेक्झुपेरी! ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिका बेटावरून टेहळणीसाठी उडाला तो परतला नाही. चोपन्न वर्षं काही पत्ता नव्हता. १९९८ मध्ये मार्सेजवळच्या एका कोळ्याच्या जाळ्यात चांदीचं ब्रेसलेट आलं, त्यावर सँतेक्झुपेरीचं नाव. कुणाचा विश्वास बसेना. कोळ्याने बनाव केला असंही लोक म्हणाले. दोन वर्षांनी एका पाणबुड्याला त्याच भागात विमानाचे अवशेष दिसले. ते बाहेर काढल्यावर एका भागावर कारखान्यात ठोकलेला नंबर मिळाला, २७३४. नोंदवहीत तो सँतेक्झुपेरीच्या विमानाचा होता. २००४ मध्ये कोड्याचा अर्धा भाग सुटला. विमान का पडलं हा उरलेला अर्धा आजही तसाच आहे. एका जर्मन वैमानिकाने २००८ मध्ये आपणच ते पाडलं असं सांगितलं, पण त्याला दुजोरा देणारी नोंद मिळाली नाही.

कुणीतरी कारखान्यात एका पत्र्यावर चार आकडे ठोकले होते आणि दुसऱ्या कुणीतरी ते वहीत लिहून ठेवले होते. साठ वर्षांनी उत्तर मिळालं ते या दोन कंटाळवाण्या कामांमुळे.

आता तळपद्यांकडे

हे सगळं वाचून झाल्यावर मी बाबांच्या गोष्टीकडे वळलो. शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) हे खरे गृहस्थ. मुंबईच्या चिराबाजारातले, पाठारे प्रभू समाजातले, संस्कृतचे आणि प्राचीन विमानविद्येचे नादिष्ट. गोष्ट अशी सांगतात की १८९५ मध्ये त्यांनी 'मरुत्सखा' नावाचं मानवरहित विमान चौपाटीवर उडवलं, ते १,५०० फूट वर गेलं आणि मग खाली आलं. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते, 'केसरी'त बातमी आली होती, असंही सांगतात.

अडचण अशी की ती बातमी आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. त्या काळातलं छायाचित्र, पत्र, आराखडा, यंत्राचा तुकडा, यातलंही काही पुढे आलेलं नाही. विमानविद्येचा जो ग्रंथ पुढे केला जातो, तो 'वैमानिक शास्त्र', पंडित सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये त्याचा कसून अभ्यास केला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असल्याचा पुरावा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये हा विषय पुन्हा गाजला, त्याच महिन्यात तळपद्यांवर हिंदी सिनेमाही आला, पण नवा पुरावा काही आला नाही.

आता इंजिनियर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. १८९५ च्या सुमारास मानवरहित विमान उडणं अशक्य कोटीतलं नव्हतं. फ्रान्सच्या पेनोने १८७१ मध्येच रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान पॅरिसच्या बागेत उडवलं होतं. ६ मे १८९६ ला सॅम्युअल लँग्लीचं वाफेच्या इंजिनाचं मानवरहित विमान पोटोमॅक नदीवर अर्ध्या मैलाहून जास्त उडालं. लँग्लीचं यश आज कुणी नाकारत नाही, कारण काठावर अलेक्झांडर ग्रॅहम बेल, टेलिफोनवाले, कॅमेरा घेऊन हजर होते. राइट बंधूंनीही १७ डिसेंबर १९०३ ला उडण्याआधी कॅमेरा तिवईवर लावून जीवरक्षक दलाच्या माणसाला कळ दाबायला सांगून ठेवलं होतं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. तो फोटो नसता तर त्यांच्यावरही लोकांनी विश्वास ठेवला नसता.

आणि हा आजार फक्त आपल्याला आहे असंही नाही. गुस्ताव व्हाइटहेड नावाच्या माणसाने १९०१ मध्ये कनेटिकटमध्ये उड्डाण केलं, असा तिथल्या लोकांचा दावा आहे. बहुतेक इतिहासकार तो मानत नाहीत. तरी २०१३ मध्ये कनेटिकटने चक्क कायदा करून राइट बंधूंऐवजी व्हाइटहेडला मान दिला! आपलं गाव, आपला माणूस, हे प्रेम सगळीकडे सारखंच.

पुढच्या रविवारी मी बाबांना हे सगळं सांगितलं. जितकं हळुवार सांगता येईल तितकं. म्हटलं, "बाबा, तळपदे खोटे होते असं मी म्हणत नाही. त्यांनी काहीतरी प्रयत्न नक्की केले असणार. त्या काळात, पैसा नसताना, चिराबाजारातल्या माणसाने विमानाचा ध्यास घ्यावा हेच मोठं आहे. पण उडालं हे सांगायला आज आपल्या हातात काही नाही." बाबा एवढंच म्हणाले, "बरं." पुढचे दोन रविवार ते फक्त इथल्या बर्फाची चौकशी करत होते. सौ. म्हणाली, "कशाला सांगायला गेलात? म्हाताऱ्या माणसाचं एक सुख होतं." त्या पंधरा दिवसांत मलाही तसंच वाटत राहिलं, हे कबूल करतो.

धाकटीने प्रोजेक्टच्या बोर्डवर अमेलियाच्या शेजारी एक छोटा चौकोन केला. त्यावर शिवकर बापूजी तळपदे हे नाव देवनागरीत, आणि खाली तीन रकाने: काय माहीत आहे, काय सांगितलं जातं, काय सापडायला हवं. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं होतं: १८९५ चं वर्तमानपत्र, कुणाची तरी डायरी, एखादं पत्र, एखादा फोटो. बोर्डचा फोटो काढून तिने आजोबांना पाठवला.

तिसऱ्या रविवारी फोन आमच्या आधी तिकडूनच आला. "काय रे, 'केसरी'चे १८९५ सालचे अंक कुठे बघायला मिळतील? सगळे, एकही न वगळता. आणि नुसता 'केसरी' कशाला, तेव्हा मुंबईत इंग्रजी-गुजराती पेपर पण निघायचे की!" बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. तरी महिन्यातून दोनदा भिंग आणि वही घेऊन ग्रंथालयात जातात. गुजराती वाचायला शेजारच्या काकांना सोबत नेतात. आजवर काही सापडलेलं नाही. कुठला अंक पाहिला, कुठला पाहायचा राहिला, याची तारीखवार नोंद मात्र चोख आहे. दर रविवारी ती नातीला वाचून दाखवली जाते आणि ती इकडे आपल्या यादीत खूण करते.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांची मुळं गिरगाव, ठाकुरद्वार, चिराबाजार भागातली आहेत. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा उघडून बघा. पणजोबांची डायरी, पत्रं, हिशेबाच्या वह्या, काहीही. १८९५ च्या आसपासचं आणि चौपाटीचा उल्लेख असलेलं काही मिळालं, तर मंडळाच्या कार्यकारिणीमार्फत मला जरूर कळवा. पान फाडू नका, साफ करायला जाऊ नका, आहे तसा फोटो काढा आणि ते कुठे, कुणाच्या घरात मिळालं ते मागे लिहून ठेवा. विमान उडालं नव्हतं असं निघालं तरी चालेल. बाबांनाही चालेल, त्यांनी तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.